घरगुती पेल एल आणि आपले अरिष्ट : एका घाण्यापासून घ्यावयाचा धडा

संधानकल्पना हे आपल्या भैषज्यकल्पनेचे एक अत्यंत समृद्ध अंग आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या यज्जःपुरुषीय अध्यायात आसवांच्या नऊ योनी सांगून चौऱ्याऐंशी आसवांची गणना केली आहे आणि त्या नऊ योनींत धान्यास प्रथम स्थान दिले आहे. असे असूनही आज आपल्यापैकी किती वैद्यांच्या दवाखान्यात स्वतः संधान केलेले अरिष्ट रुग्णाच्या हाती जाते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावा. चूर्णे, क्वाथ, तैल, घृत आपण आवडीने करतो. आसवारिष्टांचा विषय निघाला की मात्र “घाणा साधत नाही” असे म्हणून सीलबंद बाटली मागवितो. घाणा का साधत नाही याचे उत्तर आम्हांस जेथे मिळाले, ते स्थळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. सन २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियात पुतण्याकडे महिनाभर मुक्कामास होतो. तेथे त्याच्या गाडीच्या गॅरेजमध्ये बिअरचा एक घाणा आरंभापासून शेवटपर्यंत पाहण्याचा योग आला. त्या घाण्याने आमचा एक जुना अपराध आमच्यापुढे उभा केला. त्याविषयी पुढे लिहितोच.

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. हा लेख मद्यपानाच्या समर्थनार्थ नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा येथील कोणी हा प्रयोग करू नये. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करमुक्त झाली. हा कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन, अशी त्याची मर्यादा आहे आणि विक्रीस मनाई आहे. तेथे हा छंद उघडपणे, वह्या लिहून, मोजमापे घेऊन चालतो, तो या सवलतीमुळे. आपण त्यातील केवळ संधानशास्त्र पाहू.

नमुना कशाचा?

पुतण्याने जी बिअर करावयास घेतली ती ‘पेल एल’ जातीची होती. ‘पेल’ म्हणजे फिकट. पूर्वी इंग्लंडात मोड आणलेले जव लाकडाच्या धुरकट आचेवर वाळवीत असत. पुढे दगडी कोळशापासून केलेल्या कोकची स्वच्छ आच मिळू लागल्यावर फिकट रंगाचे माल्ट तयार होऊ लागले आणि त्यापासून हे नाव रूढ झाले. ‘एल’ म्हणजे साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात काम करणाऱ्या यीस्टची बिअर.

त्याच्यापुढे नमुना होता तो चिको गावच्या सिएरा नेवाडा या कारखान्याच्या पेल एलचा. केन ग्रॉसमन या गृहस्थांनी १९७६ साली चिको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान काढले. पुढे पॉल कमुसी यांच्यासह, जुन्या दुग्धालयांतील भांडी जोडून जोडून त्यांनी कारखाना उभारला. १९८० च्या नोव्हेंबरात तेथे पहिला घाणा लागला. पेल एलचे पहिले अनेक घाणे त्यांनी ओतून टाकले. ते पिण्यास अयोग्य होते असे नाही. परंतु एका घाण्याची चव दुसऱ्याशी जुळत नव्हती, म्हणून टाकले. कर्जावर उभारलेल्या कारखान्याने तयार माल गटारात सोडावा, ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा आम्हांस अतिशयोक्ती वाटली होती. आज ती या सर्व प्रकरणाचा गाभा वाटते.

आवडत्या बिअरसारखी बिअर घरी करणे यास तिकडे एक विशेष मान आहे, कारण त्यात लपवाछपवीस वाव नाही. स्वतःच्या मनाची बिअर केली तर जे होईल ते ‘आमच्या पद्धतीचे’ म्हणून खपते. नमुना समोर ठेवला की चूक लगेच जिभेला कळते. या पेल एलचे आकडे प्रसिद्ध आहेत : मद्यार्काचे प्रमाण ५.६ टक्के, कडवटपणाचे माप सुमारे ३८, आरंभीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०५३ आणि अखेरीचे सुमारे १.०११. पुतण्याने वहीच्या पहिल्या पानावर हे चार आकडे लिहिले आणि मगच चुलीला हात घातला.

कृती

घाणा १९ लिटरचा होता. फिकट माल्ट साडेचार किलो आणि भाजून गोडसर केलेले ‘क्रिस्टल’ माल्ट सुमारे ४०० ग्रॅम, दोन्ही जाडसर भरडलेले. ही भरड ६७ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवली. जवाला मोड आणताना जी पाचकद्रव्ये उत्पन्न झालेली असतात, ती या उष्णतेत पिष्टाची साखर करतात. तापमान चार-पाच अंश खाली राहिले तर साखर अधिक प्रमाणात आंबते व पेय कोरडे होते. वर गेले तर न आंबणारा गोड अंश अधिक उरतो. नंतर चोथ्यावर ७६ अंशांचे पाणी सावकाश ओतून उरलेली साखर धुऊन घेतली. हाती आला तो गोड, पिंगट द्रव. त्यास ‘वर्ट’ म्हणतात.

वर्ट एक तास उकळला. उकळी फुटताच मॅग्नम जातीचे हॉप्स १२ ग्रॅम, अर्ध्या तासाने पर्ल जातीचे १२ ग्रॅम, शेवटची दहा मिनिटे उरली असता कॅस्केड जातीचे २८ ग्रॅम आणि चूल बंद करताना आणखी २८ ग्रॅम, असे हॉप्स पडले. हॉप्स म्हणजे भांगेच्याच कुलातील एका वेलीची फुले. त्यांतील राळेसारखी आम्लद्रव्ये दीर्घ काळ उकळल्यावर रूप पालटतात व कडू होतात. सुगंधी तेले मात्र उकळीत उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी आरंभी आणि सुगंधासाठी अखेरीस, असे दोन काळ पाळावे लागतात. क्वाथ्य द्रव्ये व प्रक्षेप द्रव्ये वेगळी ठेवणाऱ्या आपणांस हे तत्त्व नवे नाही. कॅस्केड ही अमेरिकेत १९७२ साली प्रसृत झालेली जात आहे. चकोतऱ्याच्या सालीसारखा तिचा गंध हीच या पेल एलची ओळख आहे.

यानंतर जे घडले त्याकडे आम्ही विशेष लक्ष दिले. चूल बंद होताच तांब्याची वेटोळी नळी वर्टमध्ये सोडून तिच्यातून थंड पाणी खेळविले आणि वीस-पंचवीस मिनिटांत १०० अंशांचा द्रव २० अंशांवर आणला. “इतकी घाई कशासाठी?” असे आम्ही विचारले. पुतण्या म्हणाला, “काका, उकळी थांबली की जो पहिला आत शिरेल, घर त्याचं. यीस्ट शिरायच्या आधी आंबट जंतू शिरले, तर मग काही उपाय नाही.” उकळीनंतर वर्टास जे जे लागणार होते, म्हणजे पात्र, झाकण, नळी, पळी, ते सर्व त्याने आधीच निर्जंतुक द्रावणात बुडवून ठेवले होते. थंड वर्ट पात्रात जोराने ओतून त्यात हवा मिसळली, कारण वाढीच्या आरंभी यीस्टला प्राणवायू हवा असतो. मग ११ ग्रॅमचे एक यीस्टचे पाकीट टाकले, झाकण लावले आणि त्यावर पाण्याची वाकडी नळी बसविली. तिच्यातून आतील वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

पात्र १९ अंशांवर ठेवलेल्या जुन्या फ्रिजमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले, पाचव्या दिवशी मंदावले. परंतु बुडबुडे थांबले म्हणून त्याने संधान पूर्ण झाले असे मानले नाही. नवव्या, दहाव्या व अकराव्या दिवशी हायड्रोमीटर सोडून पाहिला. तिन्ही दिवस १.०११ हाच आकडा आल्यावर मगच बाटल्या भरल्या. आरंभीच्या व अखेरीच्या गुरुत्वातील फरकास १३१ ने गुणले की मद्यार्काची टक्केवारी स्थूलमानाने मिळते. येथे ती साडेपाच आली. बाटलीत वायू भरावा म्हणून सर्व घाण्यास मिळून ११५ ग्रॅम साखर विरघळवून घातली. संधान अपुरे असता ही साखर पडली तर बाटल्या फुटतात, म्हणूनच तीन दिवसांची ती पारख. पंधरा दिवसांनी घरची एक बाटली आणि बाजारातली एक बाटली, दोन्ही कागदात गुंडाळून त्याच्या मित्रांपुढे ठेवण्यात आल्या. आम्ही केवळ गंध घेतला. घरची किंचित अधिक गोड ठरली. त्याने वहीत लिहिले : “पुढील वेळी ६६ अंश.”

आपल्या परिभाषेत

आता हे सर्व आपल्या शास्त्राच्या भाषेत मांडू. धान्यापासून होणारे म्हणून बिअर ही सुरावर्गात मोडते. अरिष्टात धान्य नाही. क्वाथात गूळ व मध पडतो, म्हणजे साखर तयारच असते आणि पिष्ट फोडण्याची पायरी वगळली जाते. शार्ङ्गधराचार्यांनी मान अनुक्त असता एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशमांश प्रक्षेप सांगितला आहे. द्रवद्वैगुण्याची परिभाषा लावून आजच्या मापांत हिशेब केला, तर मिश्रणात वजनाने सुमारे पाचवा हिस्सा साखर येते. बिअरच्या वर्टमध्ये ती सुमारे १३ टक्के असते. म्हणून अरिष्टात मद्यार्क अधिक उत्पन्न होऊ शकतो, संधानास अधिक दिवस लागतात आणि अखेरीस काही माधुर्य उरते. स्वयंजनित मद्यार्काची सामान्यतः मानली जाणारी १२ टक्क्यांची मर्यादा आणि हे प्राचीन प्रमाण एकमेकांशी किती जुळते, हे पाहून आदर वाढतो.

धातकीपुष्प व हॉप्स ही दोन्ही फुले असली तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत, हेही ध्यानात घ्यावे. हॉप्स यीस्ट देत नाहीत. ते आंबट जंतूंना रोखतात. धायटीची फुले संधानास बीज पुरवितात आणि कषाय रसही देतात. बिअर करणारा बीज पाकिटातून मोजून घेतो. आपण ते फुलांवर सोपवितो. ती फुले गोणीत किती वर्षे पडून होती हे मात्र विचारीत नाही.

पात्रास आतून घृतलेप, धूपन, पात्राचा काही भाग रिकामा ठेवणे, संधिबंधन, धान्यराशीत वा भूमीत स्थापन, हे आपले सारे विधी त्या गॅरेजमध्ये वेगळ्या वेषात आमच्यापुढे उभे होते. निर्जंतुक द्रावण हे धूपनाच्या जागी, पाण्याची नळी संधिबंधनाच्या जागी आणि १९ अंशांचा फ्रिज धान्यराशीच्या जागी, कारण धान्याच्या राशीतही दिवस-रात्रीचा चढउतार पात्रापर्यंत पोहोचत नाही. शास्त्रात उणीव नव्हती. उणीव आमच्या आचरणात होती.

आमचा अपराध

२०२१ च्या श्रावणात आम्ही स्वतःच्या रुग्णांसाठी कुटजारिष्टाचा ५० लिटरचा घाणा लावला. कुटजमूळत्वचा, मनुका, मोहाची फुले व गंभारी यांचा क्वाथ सायंकाळी सिद्ध झाला. रात्र झाली म्हणून तो पातेल्यात फडके बांधून तसाच ठेवला आणि सकाळी कोमट असतानाच त्यात गूळ व धायटी मिसळून पात्रात भरला. पुढे रोज झाकण उघडून आगकाडी धरून पाहत होतो. कधी विझे, कधी तेवत राही. विसाव्या दिवशी काडी विझली नाही, प्रक्षेप तळाशी बसला, तेव्हा गाळून बाटल्या भरल्या. वहीत एकच ओळ होती : घाणा लावला, ती तारीख.

आमचे एक वृद्ध रुग्ण जीर्ण ग्रहणीचे. ते पूर्वी एका नामांकित औषधालयाचे कुटजारिष्ट घेत असत व त्याने त्यांस बरे वाटे. आमची बाटली दहा दिवस घेऊन ते परत आले आणि म्हणाले, “वैद्यबुवा, यात तो कडूपणा नाही. आंबट लागतंय. पोटात जळजळ होते.” आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहिताना संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, “घरचं औषध आहे, चव वेगळी लागणारच.” त्यांनी मान डोलावली व बाटली घरी नेली. त्या रात्री आम्ही आपल्या हाताने भरलेली एक बाटली उघडून चाखली. ते अरिष्ट नव्हते. मधुर द्रव अथवा मद्य बिघडून आंबट झाले असता त्यास शार्ङ्गधराचार्यांनी चुक्र असे निराळे नाव दिले आहे. आम्ही चुक्रावर कुटजारिष्टाची चिठ्ठी लावून ग्रहणीच्या रुग्णास दिले होते.

दुसऱ्या दिवशी बाटल्या परत मागवून फेकल्या आणि त्यानंतर दोन वर्षे संधानच बंद ठेवले. नेमके काय चुकले हे ठाऊक नव्हते. वहीतील एका ओळीवरून ते कळणेही शक्य नव्हते. पुतण्याने “घर त्याचं” म्हटले तेव्हा श्रावणातील ते कोमट पातेले डोळ्यांपुढे आले. आंबटपणा दोन प्रकारे येतो. एक, यीस्ट प्रबळ होण्यापूर्वी कोमट द्रवात वाढणाऱ्या लॅक्टिक जंतूंमुळे. त्यांस हवा लागत नाही. दुसरा, संधान संपत आल्यावर हवेच्या संपर्काने मद्यार्काचे सिरक्यात रूपांतर करणाऱ्या जंतूंमुळे. पहिल्यास आम्ही रात्रभर आमंत्रण दिले होते. दुसऱ्यास रोज झाकण उघडून.

काय बदलले

परतल्यावर आम्ही पुन्हा संधानास आरंभ केला. वैद्यबंधू-भगिनींच्या उपयोगासाठी आमचा सध्याचा क्रम देतो.

१. क्वाथ गाळताच पातेले वाहत्या थंड पाण्याच्या टाकीत ठेवून तासाभरात ३० अंशांखाली आणतो व त्याच दिवशी पात्रात भरतो. रात्र मध्ये येऊ देत नाही.

२. धायटीची पारख आधी करतो. उकळून निवविलेल्या गुळाच्या पाण्यात चिमूटभर फुले टाकून बाटलीच्या तोंडास सैल झाकण लावून ठेवतो. तीन दिवसांत बुडबुडे व फळासारखा गंध आला तरच ती फुले वापरतो. आंबूस गंध आला तर सर्व गोणी परत करतो.

३. पात्रास खाली तोटी व वर पाण्याची नळी लावली आहे. नमुना तोटीतून घेतो. झाकण उघडत नाही. बाहेर पडणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती पांढुरकी होते, तेव्हा वायूची परीक्षा झाकण न उघडताही होते.

४. हायड्रोमीटरने पहिल्या दिवसाचे गुरुत्व लिहितो आणि अखेरीस तीन दिवस तोच आकडा आल्याशिवाय गाळत नाही. शब्द थांबणे, प्रक्षेप तळाशी बसणे ही लक्षणे पाहतोच. आकडा त्यांचा साक्षीदार आहे. मात्र आंबट झालेला घाणाही स्थिर आकडा दाखवू शकतो, म्हणून पीएच-पट्टी व जीभ यांस पर्याय नाही.

५. उत्तम साधलेल्या घाण्याच्या दोन बाटल्या नमुना म्हणून राखून ठेवतो. प्रत्येक नवा घाणा तिच्याशेजारी ठेवून रंग, गंध व रस पाहतो. ही आमची ‘आवडती बिअर’.

ज्यांची स्वतःची फार्मसी आहे त्यांस शेड्यूल टी अन्वये घाणावार नोंदी ठेवाव्याच लागतात. परंतु निरीक्षकासाठी भरलेली नोंद आणि पुढील घाण्यासाठी लिहिलेली नोंद यांत अंतर आहे. पुतण्याच्या वहीत “पुढील वेळी ६६ अंश” असे लिहिले होते. आपल्या किती नोंदवह्यांत “पुढील वेळी” हे शब्द सापडतील?

गेल्या काळात आमचे सहा घाणे झाले. पाच साधले. चौथा ऐन पावसाळ्यात किंचित आंबूस झाला. इतका किंचित की रुग्णास कदाचित कळलाही नसता. गुळाचे, मधाचे, मजुरीचे पैसे डोळ्यांपुढे होते. आमच्या सहायकाने “यात थोडा मध मिसळला तर चालेल” असे सुचविलेही. आम्ही तो मोरीत ओतला आणि वहीत कारण लिहिले : तोटीचे वॉशर जुने, आत हवा जात होती. बिअर ही मनोरंजनाची वस्तू. तिच्या चवीत फरक पडू नये म्हणून कोणी घाण्यामागून घाणे ओतू शकतो. आपले अरिष्ट तर आजारी माणसाच्या पोटात जाते.

ते वृद्ध रुग्ण अद्याप येतात. पाचव्या घाण्याचे कुटजारिष्ट त्यांस देताना आम्ही आधी २०२१ ची चूक त्यांस सांगितली. त्यांनी तेथेच झाकणभर औषध घेतले, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, “आता कडू आहे.”

वैद्यबंधूंनी आपले साधलेले, आणि विशेषतः बिघडलेले घाणे, कारणांसह या अंकाकडे जरूर कळवावेत.